विश्लेषण : चक्रधरस्वामींनंतर महानुभाव पंथ कोणी सांभाळला? पहिले आचार्य नागदेवाचार्य यांची कहाणी

चक्रधरस्वामींचे नाव मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकापासून माहीत असते. त्यांच्या मागे पंथ ज्यांनी उभा ठेवला, त्या नागदेवाचार्यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठावर असते. 'लीळाचरित्र' लिहिले गेले ते त्यांच्या काळात. पंथाचा व्यवहार मराठीतच राहील, हा निर्णयही त्यांचाच. गुरू नसताना पंथ कसा चालवायचा, हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला? आणि त्यांच्यानंतर गादी कोणाकडे गेली? समजून घेऊया.

नागदेवाचार्य कोण होते?

नागदेवाचार्य हे महानुभाव पंथाचे पहिले आचार्य. काळ तेराव्या शतकाचा, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या राजवटीचा. पंथात त्यांना भटोबास म्हणतात. बास ही पंथातली आदराची उपाधी आहे. पुढच्या आचार्यांच्या नावांतही ती दिसते.

नागदेव ब्राह्मण कुटुंबातले. त्यांच्या आईचे नाव आबाइसा, बहिणीचे उमाइसा. या दोघीही चक्रधरस्वामींच्या परिवारात होत्या. मराठीतल्या पहिल्या कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदाइसा म्हणजेच महदंबा याही नागदेवांच्या नात्यातल्या. पंथाच्या सुरुवातीच्या मंडळीत एकाच घरातली, एकाच नात्यातली इतकी माणसे होती, हे लक्षात ठेवायला हवे. पुढे वारसाचा प्रश्न येईल तेव्हा ते महत्त्वाचे ठरते.

नागदेवांचे स्थान वेगळे का?

महानुभाव पंथ पाच अवतार मानतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी म्हणजे चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. हेच पंचकृष्ण. पंथाच्या श्रद्धेनुसार हे पाचही परमेश्वराचे अवतार आहेत. दत्तात्रेयांकडून चांगदेव राऊळांकडे, त्यांच्याकडून गोविंदप्रभूंकडे आणि गोविंदप्रभूंकडून चक्रधरांकडे अशी ही परंपरा येते.

नागदेव या पाचांत नाहीत. ते अवतार नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. म्हणजे पंथाच्या दृष्टीने नेतृत्व पहिल्यांदाच देवाकडून माणसाकडे आले. चक्रधरांचा शब्द शिष्यांसाठी अखेरचा होता, कारण तो ईश्वराचा शब्द होता. नागदेवांच्या शब्दामागे असे काही नव्हते. त्यांना अधिकार चालवायचा होता आणि तो कशाच्या आधारावर चालवायचा, हेही त्यांनाच ठरवायचे होते.

चक्रधरस्वामी गेले तेव्हा पंथाची स्थिती काय होती?

चक्रधर मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. पूर्वाश्रमीचे नाव हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली. तिथून आयुष्याची दिशा बदलली. रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात येते.

त्यानंतर अनेक वर्षे ते एकटे फिरले. 'लीळाचरित्रा'तला हा भाग 'एकांक' म्हणून ओळखला जातो. याच काळात ते पूर्व विदर्भातही आले. भंडाऱ्याच्या मुक्कामात नीळभट भांडारेकर त्यांचे अनुयायी झाले. सुरुवातीच्या अनुयायांत त्यांचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही याच टापूतला. तिरोडा तालुक्यातल्या डाकराम-सुकडी येथे चक्रधरस्वामींचे मंदिर असून तिथे दरवर्षी यात्रा भरते. नीळभटांचे निधन मात्र स्वामींच्या हयातीतच झाले.

इसवी सन १२६७ च्या सुमारास पैठणला पंथाची स्थापना झाली, असे मानले जाते. चक्रधरांनी जातीचा उच्चनीच भाव नाकारला. स्त्रियांना संन्यासाचा आणि ज्ञानाचा अधिकार दिला. मासिक पाळीचा विटाळ धर्माच्या आड येऊ दिला नाही. चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागायला सांगितले. देवळांवर आणि कर्मकांडावर पोट असलेल्यांना हे रुचणारे नव्हते. दरबारातल्या आणि धर्मपीठांतल्या बड्या मंडळींचा विरोध वाढत गेला.

परंपरेनुसार १२७४ मध्ये चक्रधर उत्तरापंथे निघून गेले. मागे राहिलेल्यांकडे मठ नव्हता, जमीन नव्हती, राजाचे दानपत्र नव्हते. एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती, कारण स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. होती ती फक्त त्यांच्याबरोबर फिरलेली माणसे आणि त्यांच्या आठवणी.

नागदेव लगेच आचार्य झाले का?

नाही. जाण्यापूर्वी चक्रधरांनी शिष्यांना रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे जायला सांगितले होते. नागदेव त्याप्रमाणे गेले. चक्रधरांचे जाणे त्यांना सोसवले नाही, विरहाने ते खंगले, अशा आठवणी पंथात सांगितल्या जातात.

गोविंदप्रभूंना गुंडम राऊळ म्हणत. त्यांचे वागणे लोकविलक्षण होते. मुलांबरोबर खेळायचे, कोणाच्याही घरात शिरून जेवायचे, अचानक रागवायचे, तितक्याच अचानक हसायचे. रिद्धपूरच्या लोकांना ते मायबाप वाटत. अशा पुरुषाकडून पंथाचे रोजचे प्रशासन होणे शक्यच नव्हते. पण ते अवतार होते आणि समोर होते, एवढे शिष्यांना पुरे होते.

नागदेव आणि इतर मंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेत रिद्धपूरला दहा वर्षांहून अधिक काळ राहिली. हा काळ पुढच्या दृष्टीने मोलाचा ठरला. स्वामी गेल्याबरोबर शिष्य पांगले असते तर आठवणीही त्यांच्याबरोबर पांगल्या असत्या. रिद्धपुरात ती माणसे एका जागी राहिली, एकमेकांना लीळा सांगत राहिली. नागदेवांचा ज्येष्ठपणा सर्वांच्या डोळ्यांदेखत आकाराला आला.

तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात गोविंदप्रभूंचे देहावसान झाले. आता पाचांपैकी कोणीही उरले नव्हते. नागदेव मंडळींना घेऊन गोदावरीकाठच्या प्रदेशाकडे निघाले. त्यांच्या पुढच्या मुक्कामांत निंबा या गावाचे नाव वारंवार येते. खऱ्या अर्थाने नागदेवांचे आचार्यपण सुरू झाले ते इथून.

वारस ठरवण्याची त्या काळात रीत काय होती?

मध्ययुगात धर्माची गादी बहुतेक ठिकाणी घराण्यात फिरायची. आपल्याकडे क्षेत्रांच्या ठिकाणचे पुजारीपण वंशपरंपरेने चाले. युरोपातही हेच चित्र होते. आयर्लंडचे उदाहरण बोलके आहे.

आयर्लंडमध्ये आर्मा या गावचे धर्मपीठ सर्वांत मानाचे. संत पॅट्रिक यांनी ते स्थापन केले अशी श्रद्धा. तिथल्या प्रमुखाला पॅट्रिकचा वारस म्हणत. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे पद एकाच घराण्याच्या हाती गेले. त्यातले अनेकजण धर्मदीक्षा न घेतलेले, लग्न झालेले गृहस्थ होते. देवाच्या नावाने चाललेली ती एक वतनदारीच होती.

१९०५ नव्हे, ११०५ मध्ये, म्हणजे नागदेवांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, त्याच घराण्यातल्या केलाख यांनी पद स्वीकारले आणि रीतसर दीक्षाही घेतली. ११११ च्या धर्मसभेने आयर्लंडसाठी आर्मा आणि कॅशेल अशी दोन आर्चबिशपपदे ठरवली. मरताना केलाख यांनी घराण्याबाहेरच्या मॅलकी या शिष्याला वारस नेमले. घराण्याला ते मान्य झाले नाही. ११२९ मध्ये त्यांनी आपला माणूस गादीवर बसवला. काही वर्षे संघर्ष चालला. घराण्यातला एक दावेदार तर पॅट्रिकचा दंड आणि पवित्र ग्रंथ घेऊन पळाला, कारण लोकांच्या लेखी या वस्तू ज्याच्या हाती तोच खरा वारस. शेवटी मॅलकी यांचा अधिकार मान्य झाला आणि ११३७ मध्ये त्यांनी स्वतःहून पद सोडले.

आर्माला मोठे उत्पन्न होते, जमिनी होत्या, म्हणून भांडण झाले. नागदेवांच्या हाती यातले काहीच नव्हते. भांडायला मालमत्ता नव्हती, पण लोकांना धरून ठेवायलाही मालमत्ता नव्हती. पंथात घराणे नाही आणि राजाची सनदही नाही, मग अधिकार आणायचा कुठून?

नागदेवांनी अधिकाराचा पाया कशावर घातला?

स्मरणावर. स्वामींनी काय केले, काय सांगितले, कुठे सांगितले, कोणाला सांगितले, हे ज्यांना नेमके ठाऊक, त्यांचा शब्द चालेल, अशी रीत पडली. इथेच म्हाइंभटांचे काम येते.

म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान पंडित, घरचे श्रीमंत. वादात हरवण्याच्या इराद्याने चक्रधरांकडे आले आणि शिष्य झाले. गोविंदप्रभूंच्या नंतर नागदेव लीळांच्या आठवणी काढत बसत. त्या लिहून काढायचे म्हाइंभटांनी मनावर घेतले आणि नागदेवांनी त्याला संमती दिली.

म्हाइंभटांनी एकट्या नागदेवांवर विसंबून काम केले नाही. ज्या ज्या माणसाने प्रसंग पाहिला होता, त्याला गाठून त्याच्याकडून तो ऐकला. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी वेगळ्या निघाल्या तर तो फरकही नोंदवला. कोणी सांगितले, हेही टिपून ठेवले. पडताळणीसाठी शेवटी नागदेव होतेच. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात अशा रीतीने 'लीळाचरित्र' तयार झाले. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. गोविंदप्रभूंच्या लीळांचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर मुलाखती घेऊन, स्रोत नोंदवून, मतभेद न लपवता केलेले हे दस्तऐवजीकरण होते. एरवी संतचरित्रे दोन-तीन शतकांनी, ऐकीव कथांवरून लिहिली जातात. इथे साक्षीदार जिवंत असताना नोंद झाली.

पुढचे पाऊल केशोबास म्हणजे केशिराजबास यांनी उचलले. त्यांनी लीळांमधली स्वामींची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. स्वामींनी दिलेले दृष्टांत एकत्र करून 'दृष्टांतपाठ' रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. आता शिष्याला स्वामींना न पाहताही त्यांचे म्हणणे शिकता येणार होते.

मराठीचा निर्णय काय होता?

केशोबास संस्कृतचे जाणकार होते. 'रत्नमालास्तोत्र' हे त्यांचे संस्कृत काव्य प्रसिद्ध आहे. पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात मांडावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. विद्वानांत मान्यता हवी तर संस्कृत हवे, असा तो काळ.

नागदेवांनी त्यांना थांबवले. त्यांचे म्हणणे असे, की संस्कृतात लिहिले तर माझ्याभोवती जमलेल्या या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. स्वामींनी मराठीत सांगितले, तेव्हा आपणही मराठीतच सांगायचे.

या निर्णयाकडे भाषाप्रेम म्हणून पाहिले जाते. त्यात कारभाराचीही जाण होती. पंथात स्त्रियांची संख्या मोठी होती आणि आठवणींचा मोठा साठा त्यांच्याकडे होता. ग्रंथ संस्कृतात गेला असता तर त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपोआप शिकलेल्या ब्राह्मण पुरुषांकडे गेला असता. ज्यांच्या स्मरणातून ग्रंथ घडला, त्यांनाच तो वाचून दाखवायला मध्यस्थ लागला असता.

ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका मराठीत पूर्ण केली ती १२९० मध्ये. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात एकाच पिढीत दोन वेगळ्या परंपरा, दोन वेगळ्या कारणांनी, मराठीकडे वळल्या होत्या.

स्त्रियांना पंथात खरेच स्थान होते का?

नावे पाहिली तर उत्तर मिळते. महदाइसा प्रश्न विचारण्यात आघाडीवर असत. रिद्धपूरला गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला तेव्हा त्यांनी रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहावर 'धवळे' रचून गायले. नागदेवांच्या काळातही त्या तितक्याच मोकळेपणाने शंका मांडत आणि नागदेव त्यांना उत्तर देत.

दुसरे उदाहरण हिराइसा यांचे. त्या दामोदर पंडितांच्या पत्नी. आधी त्या नागदेवांच्या अनुयायी झाल्या, पती नंतर आले. हेच दामोदर पंडित पुढे 'वछाहरण' या काव्याचे कर्ते म्हणून ओळखले गेले. हिराइसांची स्मरणशक्ती पंथात नावाजलेली होती. तिचा उपयोग किती मोठा झाला, हे पुढे येईलच.

पंथाच्या पहिल्या आचार्यपदावर मात्र पुरुषच बसला आणि त्यानंतरही पुरुषच बसले. ज्ञानाचा अधिकार सर्वांना मिळाला, नेतृत्वाचा तितक्या सहजपणे मिळाला नाही.

राजदरबाराशी नाते कसे होते?

नागदेवांच्या हयातीत देवगिरीवर रामदेवराव यादव होता. त्याची कारकीर्द १२७१ ते १३११. पंथाने दरबाराचा आश्रय घेऊन वाढायचे ठरवले असते तर वाट अगदीच बंद नव्हती. नागदेवांनी ती धरली नाही.

कवी नरेंद्रांची गोष्ट या संदर्भात सांगितली जाते. त्यांनी रचलेले 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवरावाला इतके आवडले, की सोन्याच्या मोबदल्यात ते आपल्या नावावर करून मिळावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली. नरेंद्र आणि त्यांच्या भावांनी नकार दिला. पुढे नरेंद्र नागदेवांचे शिष्य झाले. या काव्याचा काळ १२९२ मानला जातो. दरबारचा कवी दरबार सोडून भिक्षा मागणाऱ्यांच्या मेळ्यात आला, याचा अर्थ लोकांना आपोआप कळत होता.

रोजच्या जगण्याचे नियम काय होते?

चक्रधरांची शिकवण फिरते राहण्याची होती. मोठ्या क्षेत्री राहू नये. ओळखीचे गाव टाळावे. झाडाखाली, गावाच्या कडेला राहावे. मिळेल ती भिक्षा घ्यावी. महाराष्ट्र सोडून जाऊ नये. नागदेवांनी ही शिस्त कायम ठेवली. मेळा मोठा झाला की एका गावावर भार पडतो, म्हणून माणसांना विखरून भिक्षेला पाठवले जाई.

यातून एक अडचण मात्र उभी राहते. माणसे सतत फिरत असतील, मठ नसेल, तर एकत्र बांधणारे काय? पंथाने स्वामींच्या नंतर चार गोष्टी आदराच्या मानल्या. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. स्वामी जिथे बसले, राहिले ती स्थाने. त्यांचा स्पर्श झालेल्या वस्तू म्हणजे प्रसाद. संन्यास घेतलेले ते भिक्षुक. घरसंसारात राहून पंथ मानणारे ते वासनिक. स्थानांची नोंद ठेवणारी 'स्थानपोथी' पुढे तयार झाली ती याच गरजेतून.

वासनिकांना दिलेली जागा विशेष आहे. भिक्षुक फिरतीवर, तर वासनिक गावात स्थिर. पंथ खेड्यापाड्यात रुजला तो या गृहस्थांमुळे. आजही विदर्भात महानुभावांची घरे दंडवत प्रणाम या अभिवादनावरून ओळखू येतात.

ही माहिती आपल्याला कुठून मिळते?

मुख्य आधार 'स्मृतिस्थळ' हा ग्रंथ. नागदेवांच्या काळातल्या अडीचशेच्या आसपास छोट्या आठवणी त्यात आहेत. कोणी चुकले, कोणी रुसले, कोणाला काय समज दिली, असे साधे प्रसंग. चक्रधरांच्या चरित्रात चमत्कार आहेत, 'स्मृतिस्थळा'त ते फारसे नाहीत. एक माणूस माणसांना सांभाळतो, एवढेच त्यात दिसते.

ॲन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला त्यांनी देवाच्या अनुपस्थितीत अशा अर्थाचे शीर्षक दिले. नागदेवांच्या कामाचे ते नेमके वर्णन आहे.

नागदेवांनंतर कोण?

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी नागदेवांचे निधन झाले. आचार्यपद बाइदेवबास यांच्याकडे गेले. त्यांच्यानंतर ते भास्करभट बोरीकर यांच्याकडे आले. पंथात ते कवीश्वरबास म्हणून ओळखले जातात.

नागदेवांच्या घरातली, नात्यातली माणसे पंथात होती. तरी पद नात्याने गेले नाही. ज्ञान आणि आचरण पाहून शिष्याकडून शिष्याकडे गेले. आर्मामध्ये ज्यासाठी अनेक वर्षे झगडा झाला, ते इथे पहिल्या दोन फेऱ्यांत तरी शांतपणे पार पडले.

आचार्य होणाऱ्यालाही मंडळींच्या कसोटीतून जावे लागे. भास्करभटांनी 'शिशुपाळवध' हे सुंदर काव्य लिहिले. ज्येष्ठांनी त्याचे कौतुक केले, पण ते शृंगाराकडे झुकते, विरक्तांच्या उपयोगाचे नाही, असेही स्पष्ट सांगितले. भास्करभटांनी ते मनाला लावून घेतले आणि नंतर 'उद्धवगीता' लिहिली. दोन्ही काव्ये पंथाच्या मानाच्या साती ग्रंथांत आहेत.

ही घडी फार काळ टिकली नाही. गुणांवर वारस निवडायचा तर गुण कोणी ठरवायचे, हा प्रश्न राहतोच. एकापेक्षा अधिक योग्य शिष्य असले, ते वेगवेगळ्या भागांत फिरत असले, की प्रत्येकाभोवती मेळा जमतो. पुढच्या काळात पंथाच्या शाखा झाल्या. त्यांना आम्नाय म्हणतात. परंपरा अशा तेरा आम्नायांची नावे सांगते. त्यातली कवीश्वर आणि उपाध्ये ही नावे आजही ठळकपणे ऐकू येतात.

शाखा झाल्या, मग पंथ फुटला का नाही?

कारण सर्व शाखांचा ग्रंथ एकच होता. त्या ग्रंथावर आलेले संकटही सर्वांचे होते.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत महानुभाव मंडळींची पांगापांग झाली आणि लुटालुटीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली. आर्मामध्ये ग्रंथ आणि दंड पळवला तेव्हा अधिकारच पळवल्यासारखा झाला होता. इथे प्रत गेली तरी ग्रंथ माणसांच्या डोक्यात शिल्लक होता. हिराइसा आणि इतर शिष्यांनी आठवणीतून तो पुन्हा उभा केला. 'लीळाचरित्रा'चे एकाहून अधिक पाठ आज मिळतात, त्यामागचे हे कारण. हिराइसांच्या नावाचा पाठ त्यातच येतो.

नागदेवांनी शिष्यांना रोज लीळा आठवायची सवय लावली नसती, आणि त्या स्त्रियांना कळणाऱ्या भाषेत ठेवल्या नसत्या, तर हे शक्य झाले नसते.

याची किंमत काय मोजावी लागली?

ग्रंथ एकदा गेल्याचा धसका पंथाने घेतला. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी तयार केली. अक्षरांची अदलाबदल करून पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या. किल्ली ठाऊक असलेल्यालाच त्या वाचता येत. पुढे अशा इतरही लिप्या आल्या.

पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण बंदही झाल्या. म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून मराठीत ठेवलेले ज्ञान शेजारच्या मराठी माणसाला कित्येक शतके वाचता आले नाही. या अंतरातून गैरसमज वाढले आणि पंथाला निंदाही सोसावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांपर्यंत या लिप्यांची उकल पोहोचली आणि पोथ्या हळूहळू बाहेर आल्या. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात 'लीळाचरित्रा'चे भाग छापले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ मध्ये आली.

आज याचे महत्त्व काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीन वाङ्मयाची चर्चा झाली की 'लीळाचरित्रा'चे नाव पहिल्या काहींत येते. राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले तेही रिद्धपूरलाच, जिथे नागदेव आणि सहकारी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले होते.

संस्थापक गेला की संघटना मोडते, हे राजकीय पक्षांपासून सहकारी संस्थांपर्यंत सर्वत्र दिसते. वारस मुलगा असावा की शिष्य, या वादात मूळ काम मागे पडते. नागदेवांनी स्वतःला संस्थापकाच्या जागी बसवले नाही. संस्थापक काय बोलला याची खातरजमा करून नोंद ठेवली, ती सर्वांना वाचता येईल अशा भाषेत ठेवली आणि पद नात्याबाहेर जाऊ दिले. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीवर पुढच्या पिढ्यांनी सकळ लिपीचे कुलूप घातले. ते कुलूप निघून आता सुमारे शंभर वर्षे झाली आहेत आणि नागदेवांनी ज्यांच्यासाठी आग्रह धरला होता, त्या सामान्य वाचकाला 'लीळाचरित्र' आज छापील मराठीत मिळते.